चान्सरी न्यायालय आणि देवद्रव्य : विश्वस्तपणाचा इतिहास

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लेखी पाठ)



'इक्विटी' हा शब्द कानी पडताच आज साकोलीसारख्या तालुक्याच्या गावीही प्रथम शेअर बाजार आठवतो. परंतु हा शब्द मुळात बाजारातला नाही, न्यायालयातला आहे. मराठीत त्याला 'समन्याय' असा प्रतिशब्द रूढ आहे. कायद्याच्या अक्षराने जेथे अन्याय होतो तेथे सद्सद्विवेकाला स्मरून दिलेला न्याय, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये अशा न्यायासाठी कित्येक शतके एक स्वतंत्र न्यायालय होते. त्याचे नाव कोर्ट ऑफ चान्सरी. ज्या न्यासाचा सुवर्ण महोत्सव आज साजरा होत आहे, त्या न्यासाची 'ट्रस्ट' ही कायदेशीर चौकट त्याच न्यायालयात घडली. म्हणून या विषयाचे औचित्य.

इंग्लंडच्या राजाची सामान्य न्यायालये, म्हणजे ज्यांना 'कॉमन लॉ'ची न्यायालये म्हणतात ती, ठरावीक नमुन्यांवर चालत. फिर्यादीला आधी राजाच्या कचेरीतून एक हुकूमनामा मिळवावा लागे आणि त्याची फिर्याद त्या हुकूमनाम्याच्या साच्यात बसावी लागे. साच्यात बसली नाही तर दाद नाही. १२५८ मध्ये ऑक्सफर्ड येथे झालेल्या तरतुदींनी नवे हुकूमनामे काढण्यावरही बंधन आले. शिवाय ही न्यायालये बहुतेक प्रकरणी नुकसानभरपाई देत. 'अमुक गोष्ट करू नकोस' अथवा 'ठरल्याप्रमाणे करून दे' असे सांगत नसत.

व्यापाऱ्याला सहज उमगेल असे उदाहरण कर्जरोख्याचे आहे. एखाद्याने मोहोरबंद रोखा लिहून कर्ज घेतले, मुदतीत पै न् पै फेडली, परंतु रोखा परत घेऊन फाडून टाकण्याचे राहिले. सावकाराने तोच रोखा पुन्हा न्यायालयात मांडला. सामान्य न्यायालयाचे उत्तर ठरलेले असे : मोहोर खरी आहे, रोखा शाबूत आहे, तेव्हा रक्कम पुन्हा भरावी. ऋणको बिचारा दुसऱ्यांदा पैसे मोजी. कायद्याच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. न्यायाच्या दृष्टीने मात्र ती उघड लूट होती.

अशी माणसे मग राजाकडे अर्ज करीत. राजा ते अर्ज आपल्या चान्सलरकडे पाठवी. चान्सलर हा राजमुद्रेचा रक्षक, आणि मध्ययुगात तो बहुधा बिशप असे. धर्मगुरू असल्यामुळे तो प्रश्न विचारी तो रोख्याचा नव्हे तर अंतःकरणाचा : पैसे एकदा मिळालेले असताना पुन्हा घेणे तुझ्या विवेकाला पटते काय? प्रतिवादीला दंडाची धमकी देणारे बोलावणे जाई, शपथेवर त्याची तपासणी होई, वह्या-कागद हजर करावे लागत. 'हिशेब दाखव' हा आदेश चान्सरीचा खास आदेश होय. निकालही मालमत्तेवर नव्हे तर माणसावर चाले. न ऐकणाऱ्याला कैदेत टाकले जाई. पंधराव्या शतकापर्यंत या अर्जांचे एक रीतसर न्यायालय झालेले होते.

आता ट्रस्टच्या जन्माची कथा पाहू. ती जैन समाजाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. सेंट फ्रान्सिसच्या पंथाचे भिक्षू १२२४ मध्ये इंग्लंडमध्ये आले. त्यांचे व्रत अपरिग्रहाचे होते. व्यक्तीने तर नाहीच, संघानेही मालमत्ता बाळगावयाची नाही, इतके ते कडक होते. परंतु राहावयास छप्पर तर हवे. भाविक नागरिकांनी तोड काढली. घर आणि जमीन गावाच्या नावे अथवा एखाद्या विश्वासू गृहस्थाच्या नावे करावयाची, आणि ती धारण करावयाची भिक्षूंच्या उपयोगासाठी. नाव एकाचे, उपयोग दुसऱ्याचा. उपाश्रय आणि स्थानके उभी राहिली ती याच विचाराने. साधू-साध्वी तेथे उतरतात, पण त्यांच्या नावे एक वीटही नसते. दोन दूरच्या देशांत, एकमेकांची वार्ता नसताना, व्रताच्या एकाच गरजेतून एकच युक्ती निघाली, हे नवल नोंदवण्यासारखे आहे. धर्मयुद्धावर जाणारे सरदारही मागे राहिलेल्या पत्नी-मुलांसाठी मित्राच्या नावे जमीन करून जात, असे इतिहासकार सांगतात.

मित्र फिरला तर? सामान्य न्यायालयाच्या लेखी जमीन त्याचीच. चान्सलर मात्र म्हणे, नाव तुझे असेल, पण तू ती ज्या विश्वासाने घेतलीस तो पाळणे तुला बंधनकारक आहे. एकाच जमिनीची अशी दोन अंगे झाली : एक कायद्याची मालकी, दुसरी लाभाची मालकी. आठव्या हेन्रीला यामुळे सरंजामी देणी बुडू लागलेली दिसली. म्हणून १५३६ मध्ये कायदा करून त्याने ही पद्धत मोडण्याचा प्रयत्न केला; परंतु वकिलांनी पळवाटा काढल्या आणि चान्सरीने पुढे त्यांना मान्यता दिली. त्यांतूनच आजचा ट्रस्ट आकारास आला.

भंडारा जिल्ह्यातील माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. येथील मालगुजारी तलाव पाहावेत. इंग्रजी बंदोबस्तात मालगुजार गावाचा मालक ठरला आणि तलावही त्याच्या मालकीत गणला गेला. परंतु पाणी घेण्याचे, गुरे पाजण्याचे, निस्ताराचे हक्क गावकऱ्यांचे होते आणि ते 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात नोंदविले जात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. निस्ताराची नोंद मात्र राहिली. मालकाच्या नावापलीकडे उपभोगाचा वेगळा हक्क असतो, हे कोणत्याही पुस्तकाशिवाय या भागातील शेतकऱ्यास ठाऊक होते.

सामान्य न्यायालये आणि चान्सरी यांचा संघर्ष अटळ होता. तो १६१५ मध्ये पेटला, आणि मजेची गोष्ट अशी की तो एका धर्मादाय संस्थेच्या जमिनीवरून पेटला. केंब्रिजच्या मॅग्डलीन कॉलेजने लंडनच्या अल्डगेट भागातील आपली जमीन विकली होती. कॉलेजांना अशी विक्री करण्यास १५७१ च्या कायद्याने मनाई होती. तेव्हा जमीन प्रथम राणी एलिझाबेथच्या नावे करून देण्यात आली आणि राणीकडून ती बेनेडिक्ट स्पिनोला या जिनोआच्या व्यापाऱ्याकडे गेली. पुढे ती अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या घराण्याकडे आली. तेथे सुमारे १३० घरे उभी राहिली. जमिनीचे मोल वाढलेले पाहताच कॉलेजने दावा केला की मूळ विक्रीच बेकायदेशीर होती, सबब जमीन घरांसह परत मिळावी. सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांच्या न्यायालयाने कॉलेजची बाजू घेतली. चान्सलर लॉर्ड एल्समिअर यांनी अर्लला संरक्षण दिले. दुसऱ्याने बांधलेली घरे फुकट पदरात पाडून घेणे विवेकाला धरून नाही, ही त्यांची भूमिका होती.

प्रश्न राजा पहिला जेम्स याच्यापुढे गेला. ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बेकन यांच्या सल्ल्याने १६१६ मध्ये राजाने निर्णय दिला की दोघांत विरोध आल्यास समन्याय वरचढ राहील. कोक यांचे पद त्याच वर्षी गेले. बेकन पुढे स्वतः चान्सलर झाले आणि १६२१ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून पदच्युत झाले. विवेकाच्या न्यायालयाचा प्रमुखच असा निघाला, ही इतिहासाची क्रूर थट्टा म्हणावी लागेल. मात्र समन्यायाचा अग्रक्रम त्यामुळे ढळला नाही. जॉन सेल्डन या विद्वानाचा आक्षेपही याच काळातला. चान्सलर बदलला की विवेक बदलतो, मग न्यायाचे माप चान्सलरच्या पावलाच्या लांबीने ठरवावे काय, असा त्यांचा उपरोध होता. कापड मोजणाऱ्यास तो चटकन कळावा. गज दुकानागणिक बदलला तर धंदा कसा चालेल? लॉर्ड नॉटिंगहॅम (१६७३ ते १६८२) आणि लॉर्ड हार्डविक (१७३७ ते १७५६) या दोन चान्सलरांनी हा आक्षेप मनावर घेऊन समन्यायाला नियमांची शिस्त लावली.

या दोघांच्या मधल्या काळातील एक प्रकरण प्रत्येक विश्वस्ताने लक्षात ठेवावे असे आहे. पक्षकारांचे पैसे चान्सरीच्या 'मास्टर' या अधिकाऱ्यांकडे ठेव म्हणून असत. चान्सलर लॉर्ड मॅक्लेसफील्ड ही मास्टरांची पदे विकत असत. पद विकत घेतलेले मास्टर ठेवीच्या पैशावर सट्टा करून भरपाई करीत. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटला आणि विधवा-अनाथांचे पैसे बुडाले. १७२५ मध्ये मॅक्लेसफील्ड यांच्यावर महाभियोग चालला, तीस हजार पौंड दंड झाला आणि तो भरेपर्यंत त्यांना टॉवरमध्ये ठेवण्यात आले. त्यांच्या जागी लॉर्ड किंग आले.

लॉर्ड किंग यांच्यापुढे १७२६ मध्ये कीच विरुद्ध सँडफर्ड हा दावा आला. लंडनजवळच्या रोमफर्ड येथील बाजाराच्या उत्पन्नाचा पट्टा एका अज्ञान बालकासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपत आली. विश्वस्ताने प्रामाणिकपणे बालकासाठी नूतनीकरण मागितले. मालकाने नकार दिला, कारण अज्ञानाकडून करार कसा पाळून घ्यावयाचा? मग विश्वस्ताने तो पट्टा स्वतःच्या नावे घेतला. यात कपट नव्हते. बालकाला पट्टा मिळणारच नव्हता. तरीही निकाल असा झाला की जगातील इतर कोणीही तो पट्टा घेऊ शकेल, फक्त विश्वस्त घेऊ शकणार नाही. पट्टा आणि नफा दोन्ही बालकाचे. निकाल कठोर वाटतो. परंतु थोड्याच वर्षांपूर्वी ठेवींची झालेली धूळधाण डोळ्यांपुढे आणली की त्यामागील कारण ध्यानी येते. विश्वस्ताच्या मनात शिरून कपट होते की नव्हते हे शोधणे न्यायालयास शक्य नसते. म्हणून दारच बंद केले. न्यासाच्या गाळ्याचा भाडेकरू विश्वस्ताचा मुलगा अथवा भाऊ असतो तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. भाडे बाजारभावाने असेल, पावत्या चोख असतील, तरी तो व्यवहार टाळणेच योग्य.

गहाणाच्या क्षेत्रात चान्सरीने केलेले कार्यही मोठे आहे. कर्जाची तारीख चुकली की गहाण जमीन सावकाराची, असा सामान्य कायदा होता. चान्सरीने सतराव्या शतकात ठरविले की तारीख उलटली तरी वाजवी मुदतीत मुद्दल-व्याज भरून जमीन सोडविता येईल. गहाण ते गहाणच राहते, विक्री होत नाही. कर्ज वजा जाता मालकाचा जो हक्क उरतो त्याला 'इक्विटी ऑफ रिडेम्प्शन' म्हणत. ताळेबंदात देणी वजा जाता जे मालकाचे उरते त्याला इक्विटी म्हणण्याची चाल येथून आली, आणि शेअर बाजारातील शब्दही तिचाच वंशज. महाराष्ट्रात 'मुदतीत रक्कम न दिल्यास हे गहाण खरेदी समजावे' असा मजकूर जुन्या खतांत सर्रास असे. १८६४ मध्ये रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असा मजकूर असूनही जमीन सोडविण्याचा हक्क मान्य केला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७० मध्ये मद्रासकडील एका खटल्यात याउलट मत दिले, पण मुंबईने आपली रीत सोडली नाही. अखेर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० ने कर्जदाराचा हा हक्क लेखी झाला.

इतके उपकारक न्यायालय शेवटी लोकांच्या शापाचे धनी झाले. लॉर्ड एल्डन यांच्या काळात (१८०१ ते १८०६ आणि १८०७ ते १८२७) दावे पिढ्यान्‌पिढ्या पडून राहत. डिकन्सची 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी (१८५२-५३) अशाच एका दाव्यावर बेतलेली आहे. त्यात सारी इस्टेट खर्चात संपते. १८७३ आणि १८७५ च्या कायद्यांनी चान्सरी हे स्वतंत्र न्यायालय संपले आणि एकाच न्यायालयाला दोन्ही प्रकारचा न्याय देण्याचा अधिकार आला. विरोध आल्यास समन्याय वरचढ, हे मात्र १६१६ प्रमाणेच कायम राहिले.

हिंदुस्थानात हे सर्व दोन वाटांनी आले. मुंबई शहरात १८२४ मध्ये सुरू झालेल्या सुप्रीम कोर्टाला समन्यायाची वेगळी शाखा होती. १८६२ मध्ये ते अधिकार उच्च न्यायालयाकडे आले. तेथील 'मास्टर' ही पदवी आणि कोर्ट रिसीव्हरची कचेरी आजही त्या परंपरेची आठवण देतात. खोजा समाजाच्या मालमत्तेचा सुप्रसिद्ध दावा, ज्याचा निकाल न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी १८६६ मध्ये दिला, तो समाजातील काही जणांच्या वतीने ॲडव्होकेट जनरलच्या नावे चालला होता. धर्मादायाचे पालकत्व राजाकडे असते, हे चान्सरीचेच तत्त्व.

विदर्भात मात्र ना सुप्रीम कोर्ट होते ना चान्सरी. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि साकोली ही भंडारा जिल्ह्यातील एक तहसील होती. येथे १८७५ चा मध्य प्रांत कायदे अधिनियम लागू झाला. वारसा, विवाह, धर्मसंस्था यांत हिंदूंना हिंदू कायदा, मुसलमानांना मुस्लिम कायदा. आणि ज्या बाबतीत काहीच तरतूद नाही तेथे कलम ६ प्रमाणे न्यायालयाने 'न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक' यांनुसार वागावे. इंग्लंडमध्ये ज्यासाठी वेगळे न्यायालय लागले ते येथे एका ओळीत प्रत्येक मुन्सफाच्या हाती आले. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचा वादही नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनर न्यायालयातूनच प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. त्याची चर्चा आजच्या मंगल प्रसंगी अस्थानी ठरेल.

इंग्रजी ट्रस्ट आणि भारतीय देवस्थान ही तंतोतंत एकच गोष्ट नव्हे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२१ मध्ये विद्या वरुती तीर्थ यांच्या खटल्यात स्पष्ट केले. महंत अथवा व्यवस्थापक हा इंग्रजी अर्थाने मालकी धारण करणारा ट्रस्टी नाही. पण त्याची जबाबदारी मात्र विश्वस्तासारखीच आहे. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यानेही सार्वजनिक व धार्मिक न्यास आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. ही पोकळी भरून काढण्यासाठी न्यायमूर्ती तेंडोलकर समितीनंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. विदर्भात त्या वेळी १९५१ चा मध्य प्रदेशचा कायदा होता; महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास मुंबईचा कायदा येथे लागू झाला. २०१२ मध्ये त्याच्या नावात 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' आले. धर्मादाय आयुक्त हे पद म्हणजे चान्सरीच्या देखरेखीचे आजचे रूप होय.

या कायद्याला पहिले मोठे आव्हान जैन समाजाकडून दिले गेले, याचा उल्लेख आवर्जून केला पाहिजे. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य हा तो खटला. रतिलाल गांधी हे तेव्हाच्या मुंबई राज्यातील, गुजरात भागातील एका सार्वजनिक जैन देरासराचे वहिवाटदार होते. पारसी पंचायतीच्या विश्वस्तांनीही याच कायद्याविरुद्ध दाद मागितली होती. उच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ मार्च १९५४ रोजी न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी दिला. नोंदणी, हिशेब, तपासणी, अंशदान या तरतुदी त्यांनी वैध ठरविल्या. हिशेब द्यावयाचा नाही, असे धर्म कोठेही सांगत नाही. परंतु दोन बाबी त्यांनी रद्द केल्या. एक, मंदिर अथवा मठासारख्या धार्मिक संस्थेवर न्यायालयामार्फत धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमणे. दुसरी बाब देवद्रव्याची.

ती समजण्यासाठी पुन्हा चान्सरीकडे जावे लागते. दात्याने सांगितलेला हेतू अशक्य झाला तर दान बुडू न देता त्याच्या शक्य तितक्या जवळच्या हेतूकडे वळवावे, असा चान्सरीचा नियम आहे. टॉमस बेटन या लंडनच्या लोखंड-व्यापाऱ्याने अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या संपत्तीच्या उत्पन्नाचा अर्धा भाग तुर्कस्थान आणि बार्बरी किनाऱ्यावर गुलाम झालेल्या ब्रिटिशांना सोडविण्यासाठी ठेवला. शंभर वर्षांनी सोडविण्यास गुलामच उरले नाहीत आणि पैसा साचत गेला. १८४४ मध्ये अंतिम निकाल होऊन तो धर्मादाय शाळांना मिळाला, कारण त्याच मृत्युपत्रात शाळांसाठीही दान होते. येथे पहिली अट अशी की मूळ हेतू अशक्य झालेला असावा. दुसरा हेतू अधिक उपयुक्त आहे, एवढ्याने भागत नाही.

१९५० च्या कायद्याने ही अट सैल केली होती. मूळ हेतू पार पाडणे लोकहिताच्या दृष्टीने इष्ट नाही असे वाटले तरी धार्मिक निधी अन्यत्र वळविता येईल, अशी त्यात तरतूद होती. जैन पक्षाचे म्हणणे असे की शास्त्राप्रमाणे मंदिराचे द्रव्य धार्मिक कार्यासाठीच आहे. ते लौकिक कार्याकडे वळविणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले आणि धार्मिक न्यासांपुरती ती तरतूद अवैध ठरविली. मूळ हेतू चालू असताना निधी दुसरीकडे नेण्याचा अधिकार शासनाला नाही आणि न्यायालयालाही नाही. त्याच वर्षीच्या शिरूर मठाच्या निकालात न्यायमूर्ती मुखर्जी यांनी धर्माची व्याख्या करताना ईश्वरकर्ता न मानणाऱ्या जैन व बौद्ध धर्मांची स्पष्ट दखल घेतली, हेही येथे नमूद करावे.

सप्तक्षेत्रांची परंपरा याहून निराळे काही सांगत नाही. जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक, श्राविका या क्रमात खालच्या क्षेत्राचे द्रव्य वर जाऊ शकते, वरचे खाली येत नाही. चान्सरीच्या नियमापेक्षा हा नियम अधिक काटेकोर आहे आणि कितीतरी जुना. तरीही प्रश्न प्रत्यक्षात सतावतोच. अनेक गावी देवद्रव्याच्या खात्यात बोलीची मोठी शिल्लक असते आणि साधारण खात्यात पुजाऱ्याचा पगार, वीजबिल व आयंबिल खात्याची तूट असते. तरुण विचारतात, मग शाळेसाठी अथवा दवाखान्यासाठी ती शिल्लक का वापरू नये? प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याला झिडकारून चालणार नाही. परंतु उत्तर कायदा आणि शास्त्र दोघांचेही एकच आहे. बोली बोलणाऱ्याने तो पैसा भगवंताच्या चरणी दिला. तो आता संघाचा नाही की विश्वस्तांचा नाही. शाळा काढावयाची असेल तर तिच्यासाठी वेगळे दान मागावे, वेगळी पावती फाडावी, वेगळे खाते ठेवावे. साधारण खात्याची तूट भरून काढण्यासाठी संघाने वर्षाला ठरावीक नकरा बसवावा. तात्पुरती उचल म्हणून देवद्रव्यातून पैसे काढण्याची चाल काही ठिकाणी आहे, ती सर्वांत घातक. उचल नावे पडते आणि पुढची कार्यकारिणी ती विसरते.

शेवटी मालमत्तेसंबंधी. न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे, देणगी देणे, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून आणि अन्य जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यासाठी कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मॅग्डलीन कॉलेजची आडवाट येथे कोणी काढू नये. महामार्गालगतच्या जागांचे भाव पाहता मोह होणे साहजिक आहे.

त्याहून नाजूक बाब म्हणजे अन्य व्यक्तींच्या नावावरील जागा. लहान गावांत मंदिर अथवा स्थानक उभे राहिले तेव्हा न्यासाची नोंदणी झालेली नसे. वर्गणी सर्वांची, खरेदीखत मात्र एखाद्या प्रतिष्ठित शेठजींच्या नावे. त्यांनी विश्वास शंभर टक्के पाळला. आज तिसरी पिढी आहे, नातवंडे नागपूर-पुण्यास आहेत, आणि सातबाऱ्यावर अथवा नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव आहे. तेराव्या शतकातील भिक्षूंच्या घराचा प्रश्न तो हाच. कायद्याने समन्यायाचे तत्त्व येथे जपले आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १० प्रमाणे विशिष्ट हेतूसाठी विश्वासाने धारण केलेली मालमत्ता परत मिळविण्याचा दावा विश्वस्तावर अथवा त्याच्या वारसांवर कितीही वर्षांनी करता येतो. मोबदला देऊन घेणाऱ्या खरेदीदाराला मात्र ते कलम लागू होत नाही. बेनामी व्यवहारांच्या कायद्यानेही विश्वस्त या नात्याने धारण केलेली मालमत्ता वगळली आहे. परंतु विश्वास होता हे सिद्ध करावे लागते, आणि साक्षीदार वृद्ध होत आहेत.

म्हणून ज्या ज्या संघात अशा जागा असतील त्यांनी वर्गणीच्या जुन्या वह्या, ठरावबुक, घरपट्टीच्या पावत्या आणि खरेदीखताच्या प्रती एकत्र कराव्यात. वारसांना सन्मानाने घरी जाऊन भेटावे. आजोबांचे नाव कोनशिलेवर राहील याची हमी द्यावी आणि मालमत्ता न्यासाच्या नावे करून देणारा नोंदणीकृत दस्त करून घ्यावा. दस्त झाल्यावर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा आणि तो मंजूर झाल्यावर ती मिळकत परिशिष्ट एकवर चढली की नाही याचा उतारा काढून पाहावा. वारस परगावी असतील तर पर्युषणात अथवा दिवाळीला ते गावी येतात, तीच वेळ त्यासाठी सोयीची.